यंत्र गप्प बसतं तेव्हा

रेल्वेच्या डब्यातली लाल साखळी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. विनाकारण ओढली तर दंड किती आणि कैद किती, ही पाटी लहानपणी प्रवासात वाचून वाचून पाठच झालेली असते. पण ती ओढल्यावर नेमकं काय होतं? बऱ्याच जणांची समजूत अशी, की इंजिनात कुठेतरी घंटा वाजते, ड्रायव्हर ती ऐकतो आणि ब्रेक लावतो. प्रत्यक्षात साखळी ओढली की गाडीभर गेलेल्या ब्रेकच्या नळीला एक भोक मोकळं होतं, बस्स. नळीतली हवा बाहेर पडते (किंवा पूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये बाहेरची हवा आत शिरते) आणि ब्रेक धरायला लागतात. ड्रायव्हरलाही काटा उतरलेला दिसतो, पण ब्रेक धरायला त्याच्या परवानगीची गरज नसते. नळी शाबूत आणि दाब पूर्ण असेल तरच गाडीला पळायची मुभा.

ही उलटी व्यवस्था कुणाला एका दिवसात सुचलेली नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली पहिला एअर ब्रेक आणला तो सरळ होता. ब्रेक लावायचा तर इंजिनातून नळीत हवा सोडायची. म्हणजे नळी फुटली की ब्रेकही गेला, आणि गेला हे कुणाला कळायचंही नाही. १८७२ साली त्यानेच तो उलटा केला. प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली आणि नळीतला दाब ब्रेक मोकळा ठेवण्यासाठी वापरला. आता नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले, काहीही झालं तरी ब्रेक आपोआप लागणार.

कल्पना इतकी चांगली, तर सगळ्यांनी लगेच उचलली असेल? छे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ रविवारच्या शाळेच्या सहलीची एक गाडी चढावर अडकली. मागचे डबे सोडून पुढचे आधी वर नेऊन ठेवावेत असं ठरलं. ब्रेक व्हॅक्यूमचे होते, पण 'साधे', म्हणजे इंजिनाने हवा ओढली तरच लागणारे. जोडणी सोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक संपला. उरला एक हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. डबे उतारावरून मागे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. वेस्टिंगहाउसची उलटी नळी तोवर सतरा वर्षांची झाली होती.

माझं काम कारखान्यांतल्या कंट्रोल यंत्रणांचं. "म्हणजे तू नक्की करतोस काय?" असं पुण्याहून फोनवर विचारलं जातं तेव्हा मला हीच साखळी आठवते. पंप, व्हॉल्व्ह, मोटारी आणि मोजमापाची उपकरणं एकमेकांशी बोलत असतात, आणि त्यांचं बोलणं तुटलं तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. बोलणं चालू असताना काय करायचं ते सोपं असतं, ते कुणीही लिहितो. तुटल्यावर काय, यात सगळी मेख आहे. आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात एक अणुभट्टी दोनदा येते, तेव्हा जरा धीर धरा.

जुन्या कारखान्यांत उपकरणं हवेनेच बोलायची. टाकीतली पातळी, वाफेचा दाब, तापमान, सगळं बारीक नळीतल्या हवेच्या दाबात रूपांतरित व्हायचं. प्रमाण होतं ३ ते १५ पीएसआय. टाकी रिकामी असेल तर ३, काठोकाठ भरली असेल तर १५. आता ३ का, शून्य का नाही? कारण शून्याला दोन अर्थ झाले असते: टाकी रिकामी आहे, किंवा नळी फुटली आहे. ३ पासून सुरुवात केली की 'रिकामी' आणि 'मला काहीच ऐकू येत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. याला आमच्या धंद्यात लाइव्ह झीरो म्हणतात. जिवंत शून्य!

पुढे हवेच्या जागी वीज आली, तेव्हाही हा जिवंत शून्य टिकला. ४ ते २० मिलिअँपिअर हे प्रमाण आजही जगभर चालतं. तुमच्या गावाजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरवर डोकावलात तर तिथेही हेच सापडेल. चारच्या खाली करंट गेला तर काहीतरी बिघडलंय. शिवाय त्या चार मिलिअँपिअरवर उपकरण स्वतःचं पोटही भरतं, वेगळी वीज ओढावी लागत नाही. जर्मनीतल्या रासायनिक कारखान्यांच्या संघटनेने, नामूरने, पुढे त्यात आणखी एक शहाणपणाची भर घातली. मोजमाप ३.८ ते २०.५ च्या दरम्यानच सांगायचं, आणि उपकरणाला स्वतःलाच कळलं की आपण आजारी आहोत तर मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जायचं. म्हणजे उपकरणाला 'माझ्यावर विश्वास ठेवू नका' असं म्हणायची सोय झाली. माणसांत ही सोय असती तर किती बरं झालं असतं! असो.

या पद्धतीत खोट एकच, प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या दोन वायरी. हजार उपकरणं म्हणजे दोन हजार वायरी, त्यांचे ट्रे, त्यांच्या नळ्या, आणि त्या सगळ्या जिथे एकत्र येतात ती कंट्रोल रूमखालची खोली. मोठ्या वीजकेंद्रात या खोलीत केबलींचं अक्षरशः जंगल असतं.

आता इथली गोष्ट. मी राहतो तो उत्तर अलाबामाचा भाग टेनेसी नदीच्या खोऱ्यात येतो. १९३३ साली रूझवेल्टने या खोऱ्यासाठी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी काढली, आणि तिच्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं, हे शाळेच्या भूगोलात कधीतरी वाचलेलं असेल. याच टीव्हीएचं ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीजकेंद्र आमच्या हंट्सव्हिलपासून पश्चिमेला तासाभराच्या आत, नदीच्या काठावर आहे. तिथे उकळत्या पाण्याच्या तीन अणुभट्ट्या आहेत.

२२ मार्च १९७५. पहिल्या दोन भट्ट्या चालू होत्या, तिसरीचं बांधकाम सुरू होतं. केबलींच्या त्या खोलीतून भट्टीच्या इमारतीत जिथे केबली शिरतात, त्या भिंतीतल्या फटी फोमने बुजवायचं काम चाललं होतं. फट राहिलीय का, हवा गळतेय का, हे बघायला कामगार मेणबत्ती धरून ज्योत हलते का ते पाहत होते! ज्योत हलली, नुसती हलली नाही तर फटीत ओढली गेली आणि फोमने पेट घेतला. सुमारे सात तास आग चालली. सोळाशेहून अधिक केबली जळाल्या.

वायर जळाली की उपकरण गप्प होईल असं आपल्याला वाटतं. तसं झालं असतं तर बरंच सोपं गेलं असतं. जळणाऱ्या केबली आधी एकमेकींना चिकटल्या आणि खोटं बोलू लागल्या. कंट्रोल रूममधले दिवे आपोआप उजळत होते, मंद होत होते. गरज नसताना पंप चालू होत होते, बंद केले तरी पुन्हा चालू होत होते. मग हळूहळू खरोखरच सगळं गप्प होत गेलं, आणि पहिल्या भट्टीचे आणीबाणीत पाणी पुरवणारे पंप हाताशी उरले नाहीत. ऑपरेटरांनी भट्टीतला दाब उतरवला आणि एरवीच्या कामाचे पंप वापरून गाभ्यावर पाणी टिकवलं. गाभा वाचला. या आगीतून अमेरिकेतल्या अणुकेंद्रांचे अग्निसुरक्षेचे नियम मुळापासून बदलले.

या आगीने वायरी कमी करण्याची चळवळ सुरू झाली असं मी म्हणणार नाही. ती खर्चापायी सुरू झाली, जशा बहुतेक चांगल्या गोष्टी होतात. १९६८ साली जनरल मोटर्सच्या एका कारखान्याने रिलेंची कपाटं नकोत म्हणून काहीतरी सोपं मागितलं. तेव्हा डिक मॉर्ली आणि मंडळींनी जे यंत्र बनवलं त्यातून मॉडिकॉन ही कंपनी आणि पीएलसी ही जात निघाली. १९७९ साली मॉडिकॉनने आपल्या पीएलसींना एकमेकांशी बोलायला मॉडबस नावाची भाषा दिली. एकाच वायरीवर अनेक उपकरणं, एक मालक विचारणार, ज्याला विचारलं त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं.

मॉडबस इतकी साधी आहे की ती अजून जिवंत आहे. तिच्यात शांततेलाही व्याकरण आहे. साडेतीन अक्षरं बोलायला लागतील इतका वेळ कुणी बोललं नाही तर वाक्य संपलं असं समजायचं! उपकरणाला विचारलेलं कळलं पण करता येत नसेल तर ते तसं कळवतं: हे काम मला येत नाही, हा पत्ता माझ्याकडे नाही, किंवा मीच बिघडलोय. पण प्रश्न वाटेत विस्कटला तर उपकरण काहीच बोलत नाही. ते मेलं असेल तरी बोलत नाही. वायर तुटली असेल तरीही नाही. मालकाने ठरावीक वेळ वाट बघायची आणि मग पुन्हा विचारायचं. हवेच्या नळीवाल्यांनी जो गोंधळ ३ पीएसआयने मिटवला होता तो इथे मागच्या दाराने परत आला. आणि उलट बाजूचं काय? मालकच मेला तर उपकरणाने आपला व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद करायचा? मॉडबसच्या नियमांत याचं उत्तरच नाही. ज्याने त्याने आपापलं बघावं.

ऐंशीच्या दशकात सगळेच या एका वायरीच्या मागे लागले. जनरल मोटर्सने मॅप नावाचा भव्य घाट घातला आणि तो स्वतःच्या वजनाखाली बसला. जर्मनीत १९८७ साली सरकारी मदतीने एकवीस कंपन्या आणि संस्था एकत्र येऊन प्रोफिबसचं काम सुरू झालं. फ्रान्सने आपलं वेगळं काढलं. १९८५ पासून आंतरराष्ट्रीय समिती 'सगळ्या जगाला एकच फील्डबस' ठरवायला बसली होती. भांडणं इतकी झाली की त्याला फील्डबस युद्ध असंच नाव पडलं. नव्वदचं दशक संपताना तह झाला, तो असा: एक प्रमाण, आणि त्याच्या पोटात आठ प्रकार! एका भाषेसाठी बसले आणि आठ भाषा घेऊन उठले. (साहित्य संमेलनाच्या कुठल्याही कार्यकारिणीला हे ओळखीचं वाटेल.)

या सगळ्या भाषांत बिघाडाचा सर्वांत सखोल विचार जिने केला ती मुळात कारखान्यासाठी नव्हतीच. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीत १९८३ मध्ये काही इंजिनियर मोटारगाडीतल्या वायरी कमी करण्याच्या मागे लागले. त्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या एका परिषदेत कॅन नावाची पद्धत मांडली. गंमत म्हणजे गाड्यांच्याही आधी तिला गिऱ्हाईक मिळालं ते फिनलंडमधल्या लिफ्टवाल्यांचं, कापड विणण्याच्या यंत्रवाल्यांचं आणि एक्स-रे यंत्रवाल्यांचं. नव्वदच्या दशकात मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत ती आली, आणि आज चाकणहून बाहेर पडणारी कुठलीही गाडी घ्या, तिच्या आत कॅन आहे.

कॅनमध्ये मालक कुणी नाही. सगळे एका वायरीवर, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. बोलताना कुणाही एकाला चूक आढळली तर त्याने तिथल्या तिथे सलग सहा ठोके मारून तो निरोप मोडून टाकायचा, म्हणजे अर्धवट निरोप कुणाकडेच राहत नाही. मग बोलणारा पुन्हा पहिल्यापासून सांगतो. इथवर ठीक. पण एखाद्याचे कानच बिघडले असले तर? त्याला प्रत्येक निरोप चुकीचा ऐकू येणार, तो प्रत्येक निरोप मोडणार, आणि एका बहिऱ्यापायी सगळी वायर बंद पडणार.

बॉशच्या मंडळींनी याचं जे उत्तर शोधलं ते मला अजूनही थक्क करतं. प्रत्येक मॉड्यूलने स्वतःच्याच चुकांचा हिशेब स्वतः ठेवायचा. निरोप पाठवताना चूक झाली तर आठ गुण वाढले. निरोप नीट गेला तर एकच गुण कमी. म्हणजे एक चूक धुऊन काढायला आठ चांगली कामं. ऐकताना चूक आढळली तर एक गुण. पण सगळ्यांच्या आधी तूच ओरडलास आणि बाकीचे तुझ्या ओरडण्यानंतर ओरडले, तर आठ गुण, कारण बहुधा खोट तुझ्याच कानात आहे! हिशेब १२७ च्या वर गेला की दुसऱ्यांचे निरोप मोडायचा हक्क गेला. ऐकायचं, बोलायचं, पण तक्रार मनातल्या मनात. पाठवण्याचा हिशेब २५५ च्या वर गेला की मॉड्यूलने स्वतःहून वायरीवरून बाजूला व्हायचं. याला बस-ऑफ म्हणतात. आपल्या भाषेत वाळीत टाकणं. (महाराष्ट्रात माणसांना वाळीत टाकणं २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरलंय. यंत्रांना अजून तरी चालतं.) परत यायचीही वाट आहे. अकरा ठोक्यांची शांतता १२८ वेळा ऐकून घ्यायची, मग हिशेब शून्यावर येतो.

त्यात एक अपवाद फार हळवा आहे. वायरीवर एकच मॉड्यूल असेल, बाकी कुणी जागंच झालं नसेल, तर त्याने बोललेलं कुणीच ऐकत नाही, 'पोचलं' असं कुणी म्हणत नाही. ही तांत्रिकदृष्ट्या चूकच. गुण वाढत वाढत १२८ वर जातात आणि तिथेच थांबतात. उत्तर मिळालं नाही एवढ्यावरून त्याला वाळीत टाकत नाहीत. ते एकटंच बोलत राहतं, कुणीतरी जागं होईपर्यंत. टेबलावर एकच मॉड्यूल जोडून बसलेल्या नवख्या इंजिनियरला याचं कोडं पडतं.

पण याही व्यवस्थेला एक भगदाड आहे. चुकीचं बोलणाऱ्याला ती पकडते. बरोबर बोलणारा, पण थांबतच नाही, त्याचं काय? एखादं मॉड्यूल वेड्यासारखं सर्वांत वरच्या दर्जाचे निरोप अव्वल व्याकरणात सतत पाठवत राहिलं तर एकही चूक नोंदली जात नाही आणि दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची संधीही मिळत नाही. या शास्त्रात त्याला बडबड्या मूर्ख अशा अर्थाचं अधिकृत नाव आहे, शोधनिबंधांत छापलेलं! व्हिएन्नाचे प्राध्यापक हर्मान कोपेट्झ यांनी यावर उपाय म्हणून प्रत्येकाला बोलायची वेळ घड्याळाने वाटून द्यायची पद्धत रचली. शिवाय प्रत्येकाच्या तोंडापुढे एक स्वतंत्र राखणदार ठेवला: वेळ झाली की दार बंद.

या बडबड्याला लक्षात ठेवा. तो पुढे भेटणार आहे.

कारखान्यात मात्र प्रोफिबसने जम बसवला, विशेषतः १९९३ साली तिची डीपी ही साधी, वेगवान आवृत्ती आल्यावर. इथे मालक मेला तर काय, याचं उत्तर भाषेतच आहे. प्रत्येक उपकरणात वॉचडॉग नावाचं एक घड्याळ असतं. मालकाचा निरोप आला की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. ठरल्या वेळात निरोप आला नाही तर घड्याळ संपतं, उपकरण आपली आउटपुटं सुरक्षित स्थितीत नेतं, आणि मालक परत आला तरी 'आधी माझी सगळी मांडणी पुन्हा सांग, मगच काम सुरू' म्हणून अडून बसतं. वेस्टिंगहाउसची नळीच ही, फक्त हवेऐवजी निरोप.

मात्र 'सुरक्षित' म्हणजे काय हे कुठलंच प्रमाण सांगू शकत नाही. इंधनाचा व्हॉल्व्ह असेल तर बंद. थंड पाण्याचा असेल तर उघडा. बोगद्यातला पंखा असेल तर चालूच राहू दे. लोखंड उचलणारा विद्युतचुंबक असेल तर काय वाट्टेल ते झालं तरी सोडू नकोस. आउटपुट शून्य करणं, शेवटची किंमत धरून ठेवणं, किंवा आधी ठरवलेली तिसरीच किंमत देणं, यातलं एक प्रत्येक टोकासाठी माणसाने बसून निवडायचं असतं. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक छोटीशी यादी असते आणि वॉचडॉगसाठी एक छोटी चौकट. चौकटीतली टिचकी काढली की वॉचडॉग झोपला. एका लाकडाच्या कारखान्यात मी हे पाहिलंय. मशीन बसवताना सारखे खोटे गजर होतात म्हणून ठेकेदाराने टिचकी काढली आणि परत घातलीच नाही. काही वर्षांनी फोर्कलिफ्टने केबल तोडली. कंट्रोलर म्हणत होता सगळं थांबवा, पट्टा मात्र शेवटचा हुकूम धरून लाकडाचे तुकडे पुढच्या बंद यंत्रावर ओतत राहिला. ढीग छताला लागायच्या आधी कुणीतरी हाताने वीज तोडली. कुणाला लागलं नाही.

असलाच आणखी एक प्रकार सीमेन्सच्या जुन्या एस-७ कंट्रोलरवर काम केलेल्या कुणालाही माहीत असेल. एखादं उपकरण वायरीवरून नाहीसं झालं की कंट्रोलर प्रोग्रॅममधला ओबी ८६ नावाचा भाग शोधतो. त्यात तुम्ही लिहून ठेवायचं की अशा वेळी काय करायचं. तो भागच नसेल तर कंट्रोलर सरळ थांबतो: मालकाने काही सांगितलं नाही, मग मी धोका पत्करत नाही. हे शहाणपणाचं आहे. पण कारखाना थांबला की साहेब ओरडतो. म्हणून जगभर रूढ झालेला उपाय असा, की ओबी ८६ नावाचा भाग टाकायचा आणि आत काहीच लिहायचं नाही. रिकामा! कंट्रोलर तो उघडतो, आत काही नाही हे बघतो, आणि 'ठीक आहे, साहेबांनी विचार केलेला दिसतोय' असं समजून पुढे चालू लागतो. हरवलेल्या उपकरणाकडून येणाऱ्या किमती शून्य धरल्या जातात. टाकीची पातळी शून्य? मग भरा पाणी! मेलेला शून्य पुन्हा जिवंत शून्याच्या खुर्चीत बसला.

प्रोफिबसच्या बिघाडांत प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो केबलीचा. वायरीच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लागतात, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि नव्या बोलण्यात मिसळतो. हे रेझिस्टर प्लगमध्येच असतात, त्यांना एक इवलासा स्विच. मधल्याच कुणाचा स्विच चुकून चालू केला की त्यापुढची सगळी वायर तुटते. शेवटच्या उपकरणाची वीज बंद केली की टोकाचे रेझिस्टर उपाशी राहतात आणि भलतंच, मधलं कुठलं तरी उपकरण अधूनमधून गायब होतं. बीएफ लिहिलेला लाल दिवा दोषी नसलेल्याच्या अंगावर लुकलुकत असतो आणि लोक तेच मॉड्यूल तीनतीनदा बदलतात.

२००० नंतर कारखान्यांत इथरनेट शिरलं. ऑफिसातलं जाळं, स्वस्त, वेगवान, सगळ्यांच्या ओळखीचं. पण फील्डबसवर कोण कधी बोलणार हे ठरलेलं असे, इथरनेटवर कुणीही कधीही बोलतो. शिवाय 'सर्वांसाठी' म्हणून पाठवलेला निरोप प्रत्येकाला उघडून बघावाच लागतो, तो आपल्या कामाचा असो वा नसो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही. छोट्या कंट्रोलरचा प्रोसेसर मात्र एवढासा, आणि निरोप उघडायचं काम आणि मोटार चालवायचं काम त्याच एका डोक्यात.

१९ ऑगस्ट २००६. पुन्हा ब्राउन्स फेरी, या वेळी तिसरी भट्टी. उकळत्या पाण्याच्या भट्टीत गाभ्यातून पाणी फिरवत ठेवणारे दोन मोठे पंप असतात. त्यांचा वेग वाढवला की भट्टीची शक्ती वाढते, कमी केला की कमी होते. त्या पंपांचा वेग व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह सांभाळत होते आणि त्यांचे कंट्रोलर केंद्राच्या इथरनेट जाळ्याला जोडलेले होते. त्या दिवशी दोन्ही ड्राइव्हनी उत्तर देणं बंद केलं, दोन्ही पंप थांबले. त्याच वेळी, त्याच जाळ्यावरचा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पीएलसीही कोसळलेला आढळला. पाण्याचा प्रवाह कमी आणि शक्ती जास्त अशा अवस्थेत भट्टी ठेवता येत नाही, तिच्यात हेलकावे सुरू होऊ शकतात. दोन्ही पंप गेले की नियमाप्रमाणे भट्टी हाताने बंद करायची. ऑपरेटरांनी ती केली.

चौकशीत निघालं ते असं: जाळ्यावर निरोपांचा अतोनात पूर आला होता, आणि त्यात ड्राइव्हचे कंट्रोलर गुदमरले. पीएलसी बिघडल्यामुळे पूर आला, की पुरामुळे पीएलसीही बिघडला, हे शेवटपर्यंत नक्की ठरवता आलं नाही. बडबड्या मूर्ख तो होता, की तोही त्याचाच बळी? एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सगळ्या केंद्रांना याची सूचना धाडली. ब्राउन्स फेरीने त्या कंट्रोलरांपुढे फायरवॉल बसवल्या, म्हणजे कोपेट्झ यांच्या राखणदाराचेच दूरचे नातेवाईक. ही सगळी उपकरणं सुरक्षेच्या श्रेणीत मोडत नव्हती, म्हणून त्यांच्या जाळ्याकडे त्या कडक नजरेने कुणी पाहिलं नव्हतं. तरीही भट्टी त्यांच्यामुळे बंद करावी लागली.

त्याच केंद्रात १९७५ साली सोळाशे केबली जळाव्या लागल्या होत्या. २००६ मध्ये एकही केबल तुटली नाही, सगळ्या अगदी शाबूत होत्या.

सुरक्षेच्या कामाला एकच वायर वापरावी का, यावर नव्वदच्या दशकात बराच खल झाला. तोवर दंडक असा, की थांबवायचं तांबडं बटण स्वतःच्या वेगळ्या वायरीनेच जोडायचं. जर्मन मंडळींनी दशकाच्या शेवटी प्रोफिसेफ आणलं, त्यामागचा विचार मला मोठा पटतो. वायर, मॉड्यूल, मधले स्विच, कशावरच विश्वास ठेवायचा नाही. मधलं सगळं म्हणजे एक काळी नळी. दोन टोकांनी आपापसांत प्रत्येक निरोपाला अनुक्रम द्यायचा, पाठवणाऱ्याची खूण तपासायची, मजकुराची वेगळी बेरीज ताडून बघायची आणि वॉचडॉग लावायचा. निरोप हरवला, दोनदा आला, उशिरा आला, भलत्याकडून आला, यातलं काहीही झालं तरी ऐकणारं टोक आपलं आउटपुट सोडून देतं. इथे टिचकी काढायची सोय ठेवलेली नाही.

वायर पुन्हा जोडली, निरोप पुन्हा नीट येऊ लागले, तरी ते टोक आपणहून कामाला लागत नाही. माणसाने तिथवर जाऊन, काय झालं होतं ते बघून, पोच दिल्याचं बटण दाबावं लागतं. नव्या पोरांना शिकवताना मी हे बटण शक्यतो अशा जागी बसवायला सांगतो, की जिथे उभं राहिलं की यंत्र समोर दिसतं.